सिसिलीच्या वर्तुळाखाली

राणीच्या दरबारचा भाट वंशावळी तपासायला येणार, ही बातमी परगण्यात पसरली आणि ज्याला त्याला आपले पूर्वज आठवायला लागले. कालपरवापर्यंत लोकर विकणारे सांगू लागले, की आमचा मूळ पुरुष विल्यम राजाबरोबर त्याच्याच गलबतातून इंग्लंडात उतरला. त्या गलबतात खरोखर इतकी माणसं चढली असती, तर ते किनाऱ्यालाच बुडालं असतं. पण भाटाचं काम थट्टेवारी नेण्यासारखं नव्हतं. पिढीतून एकदा तो यायचा, कोण कुणाचा मुलगा, कुणाची बायको कुठल्या घरची, कोण निपुत्रिक मेला, हे चर्मपत्रावर मांडायचा, आणि घरधन्याची सही घ्यायचा. ज्याच्या ढालीवरचं चिन्ह उसनं निघेल त्याचं नाव भर बाजारात पुकारलं जायचं. मग त्या माणसाला चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसायची चोरी.

हार्टलोला राहणाऱ्या लॉर्ड जर्व्हिस रॅडमोरला असली धास्ती नव्हती. त्याचं घराणं इतकं जुनं होतं की त्याच्या रॅडमोरच्या किल्ल्याच्या भिंतींतून झाडं उगवली होती. झोप उडाली होती ती त्याच्या बायकोची, अर्सुलाची. कारण भाटाच्या पटावर माणसागणिक एक वर्तुळ असायचं, तिथं जर्व्हिसच्या वर्तुळाला दोन बायकांची वर्तुळं जोडली जाणार होती, आणि पहिलं तिचं नव्हतं.

पहिलं सिसिलीचं. सिसिली वेल्डन, हार्टलोची एकुलती एक वारस, देखणी, हसरी, आणि मरून सात वर्षं झाली तरी घरातून न हललेली. अर्सुला तिची गरीब मावसबहीण. सिसिलीच्या पदरी राहायची, तिचे केस विंचरायची, तिचे जुने झगे उसवून आपल्या मापाचे करायची. सिसिली गेली आणि दोन वर्षांनी जर्व्हिसनं अर्सुलाशी लग्न केलं. तेव्हा लोक म्हणाले, नशीब काढलं पोरीनं. नशीब काढलं खरं, पण तेही उसवून बेतलेलं, हे अर्सुलाला लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी कळलं.

हार्टलोच्या मोठ्या दालनातल्या खिडक्यांवर रंगीत काचेत वेल्डन घराण्याची तीन निळी पाखरं होती. सकाळी ऊन आलं की ती पाखरं टेबलावर उतरायची. अर्सुलाच्या ताटात, पावावर, कधी थेट तिच्या छातीवर येऊन बसायची. तिनं खुर्ची सरकवून पाहिली, पडदा लावून पाहिला. जर्व्हिस म्हणायचा, "अगं, पडदा कशाला? किती छान ऊन आलंय." ऊन कसलं, सिसिली आली होती.

आणि पाखरांनी कमी पडलं तर मॉड होतीच. मॉड म्हणजे घरची जुनी कारभारीण. तिच्या कमरेला सगळ्या किल्ल्या आणि जिभेवर एकच नाव.

"भाटासाठी हरणाचं मांस कणकेत भरून पै करू ना, बाईसाहेब?" मॉडनं विचारलं. "सिसिलीबाईसाहेब त्यात जायफळ घालायच्या."

"मग जायफळ घालू नकोस."

"मालकांना आवडतं हो."

"मालकांना काय आवडतं ते मला ठाऊक आहे!"

मॉड किल्ल्या वाजवत निघून गेली. पै आली ती जायफळ घालूनच आली, आणि जर्व्हिसनं दोनदा वाढून घेतली.

भाटाचं नाव ट्रिस्ट्रम पेल. बारीक, वाळलेला, नाकावर थेंब लोंबणारा माणूस. पण चर्मपत्र उलगडलं की त्याच्या हातात जरब यायची. दालनातल्या मोठ्या टेबलावर त्यानं पट पसरला. वरपासून खालपर्यंत नुसती वर्तुळं आणि तांबड्या रेघा. मुलं झाली की वर्तुळाखाली रेघ उतरायची, नाही झाली की तिथंच थांबायची. अर्सुलाला त्या थांबलेल्या वर्तुळांकडे बघवेना. तिची स्वतःची कूस अजून उजवली नव्हती. जत्रेत, चर्चमध्ये बायका तिच्या कमरेकडे बघून मग एकमेकींकडे बघायच्या. त्या कुजबुजीतला एक शब्द तिला लांबूनही ओळखता यायचा.

जर्व्हिस खिडकीशी उभा होता. पेलनं विचारलं, "हुजूर, पहिल्या लेडीसाहेबांना संतती?"

जर्व्हिसनं वळूनही पाहिलं नाही. "माझ्या बायकोला विचारा," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "त्या वेळी ती खोलीत होती." आणि तो बाहेर बागेत निघून गेला.

होती ना. त्या खोलीत सुईण आणि अर्सुला अशा दोघीच होत्या. सुईण पुढं तापात गेली. तिथं काय झालं ते डोळ्यांनी पाहिलेली आता एकटी अर्सुला उरली होती. सिसिलीला मुलगी झाली होती. पावाची लादी जेवढ्या वेळात भाजून होते तेवढाच वेळ जगली, पण जगली. तिला नावसुद्धा मिळालं होतं. ते नाव अर्सुलानं त्या दिवसापासून एकदाही उच्चारलं नव्हतं, देवापुढंही नाही, जर्व्हिसपुढं तर नाहीच. मायलेकींना एकाच पेटीत ठेवलं होतं. दगडावर नाव फक्त आईचं होतं.

"बाईसाहेब?" पेलची लेखणी थांबली होती.

अर्सुलानं पटाकडे पाहिलं. जर्व्हिसच्या एका बाजूला सिसिली, दुसऱ्या बाजूला ती. खरं सांगितलं की सिसिलीच्या वर्तुळाखाली रेघ उतरणार. तासाभराची का होईना, रेघ. आणि आपलं वर्तुळ शेजारी कोरडंच लोंबणार, लोकांची नातवंडं-पतवंडं येऊन बघतील तेव्हाही. मेलेल्या बाईनं घर घेतलं होतं, खिडक्या घेतल्या होत्या, नवऱ्याच्या पैमधलं जायफळसुद्धा घेतलं होतं. आता हेही?

"नाही," ती म्हणाली. "संतती नाही."

पेलनं लिहिलं, 'निःसंतान वारली,' शाई सुकायला वर वाळू भुरभुरली, आणि पुढच्या मुद्द्याकडे वळला.

संध्याकाळी जर्व्हिस सही करायला बसला. त्यानं पटावर बोट ठेवलं ते सिसिलीच्या वर्तुळावर. अर्सुला समोर बसून मोजत होती, बोट कधी हलतंय. ते हलेना. शेवटी त्यानं डोळे पुसले आणि तसल्याच ओल्या डोळ्यांनी सही ठोकली. सिसिलीच्या नावाखाली काय लिहिलंय ते त्यानं वाचलंच नाही. नावापलीकडे त्याची नजर गेली असती तर पुढचं सगळं टळलं असतं. त्या रात्री मात्र अर्सुलाला बऱ्याच दिवसांनी गाढ झोप लागली.

पेल तिथून निघाला तो हम्फ्री वेल्डनकडे गेला. हम्फ्री म्हणजे सिसिलीचा चुलत भाऊ. लठ्ठ, लालबुंद, आणि हार्टलोच्या शिवारावर कायम डोळा असलेला. वेल्डनांची वंशावळ मांडताना सिसिलीचं नाव तिथंही आलं, आणि पेलनं आपल्या टिपणावरून तोच मजकूर तिथं उतरवला. हम्फ्रीनं तो वाचला. दुसऱ्यांदा वाचला. मग म्हणे त्यानं पेलचे दोन्ही हात धरून ते हलवले.

आठवड्याभरात तो हार्टलोच्या दारात हजर झाला, बरोबर वकील घेऊन.

"लॉर्डसाहेब, सामान बांधायला घ्या," तो आल्या आल्या म्हणाला. "मायकेलमसच्या सणाला मी इथं राहायला येतोय. सणाला भाजायचा हंस मी आणेन, चूल तेवढी तुमची वापरू."

"प्यायलास का हम्फ्री?"

"अजून नाही. घर ताब्यात आलं की पिऊ." त्यानं वकिलाला कोपरानं ढोसलं. वकिलानं कायदा सांगितला. बायको वारस असली आणि वारली, तर तिची जमीन नवऱ्याला हयातभर खाता येते. पण अट एकच. तिच्या पोटी त्याचं मूल जिवंत जन्मलेलं असलं पाहिजे. घटकाभर जगलं तरी चालतं, पण चार भिंतींत त्याचं रडणं ऐकू आलं पाहिजे. मूलच नसेल तर बायको मेली त्याच दिवशी जमीन तिच्या माहेरी परत.

"आणि मूल नव्हतं," हम्फ्री म्हणाला. "आम्ही नाही, तुम्ही म्हणताय. खाली सही तुमची."

अर्सुलाच्या पायांखालची जमीन सरकली. तिला वाटत होतं, लग्न झालं की बायकोचं ते नवऱ्याचं. तिच्या गरीब बापाच्या घरी कुणाकडे जमीनच नव्हती, तर जमिनीचे कायदे कोण शिकवणार?

ते गेल्यावर जर्व्हिसनं दार लावून घेतलं. मग म्हणाला, "पेलला कुणी सांगितलं?"

"मी."

"का, अर्सुला?"

ती खिडकीचा पडदा ओढू लागली. त्यानं ओरडाआरडा केला नाही. केला असता तर तिला बरं वाटलं असतं.

"मी दाराबाहेर उभा होतो," तो म्हणाला. "मी तिचं रडणं ऐकलंय. आजही ऐकू येतं. पण माझ्याच फायद्याची गोष्ट मी सांगून कोण ऐकणार? तुलाच सांगावं लागेल."

"घर जाईल म्हणून?"

"घर गेलं तर जाऊ दे. किल्ला आहे, गळका का होईना. पण माझी पोर या जगात आली होती, रडली होती, आणि आता लेखी होतंय की ती आलीच नाही. हे नाही गं सोसवत मला."

माझी पोर. सोसवत नाही. पाच वर्षांच्या संसारात अर्सुलासाठी त्याला न सोसवण्यासारखं काही झालं नव्हतं. सगळं कसं सोसवलं होतं त्याला.

आणि मग तिच्या मनात किल्ला शिरला. रॅडमोरचा किल्ला. गळका, ओला, वटवाघळांचा, पण सिसिलीनं तिथं कधी पाऊल टाकलेलं नव्हतं. तिथं पाखरांच्या खिडक्या नव्हत्या. मॉड या घराची, ती इथंच राहिली असती. नुसतं "मला आठवत नाही" म्हटलं की पुरे होतं. सिसिलीनं आपलं घर ठेवून घ्यावं आणि आपण नवरा घेऊन जावं. अर्सुलाला इतका सरळ व्यवहार आजवर कुणी देऊ केला नव्हता. हम्फ्रीच्या दाव्याच्या सुनावणीला जायच्या दिवसापर्यंत तिनं मनातल्या मनात किल्ल्याच्या छतावर कौलंसुद्धा चढवून टाकली.

सुनावणी शहरात, बाजारावरच्या सभागृहात होती. बाजाराचा दिवस होता, त्यामुळे खाली मेंढ्या ओरडत होत्या आणि वर माणसं. अर्ध्या परगण्याला काही काम नव्हतं असं दिसत होतं. आधी हम्फ्रीच्या वकिलानं हरकत घेतली, की ही बाई तर खुद्द लॉर्डसाहेबांची पत्नी, हिची साक्ष कशी चालेल. न्यायाधीश म्हातारा होता आणि त्याला सात लेकी होत्या. तो म्हणाला, "बाळंतिणीच्या खोलीत बायकाच असतात. मग काय आता बिशपला विचारू?"

वकील अर्सुलाकडे वळला. गोड बोलणारा होता. त्याला अर्सुलाकडून काहीच नको होतं, फक्त तिनं आधी सांगितलं तेच परत सांगावं.

"बाईसाहेब, घाबरू नका. आम्हाला सगळं ठाऊक आहे. लेडी सिसिली सुंदर होत्या, श्रीमंत होत्या, पण देव सगळं एकालाच देत नाही." तो निवाड्याला बसलेल्या पंचांकडे वळून हसला. "स्पष्टच बोलायचं तर, वांझ होत्या."

लोक हसले. ते हसणं अर्सुलानं ओळखलं. जत्रेतलं, चर्चच्या दारातलं, तिच्या कमरेवर नजर ठेवून केलेलं तेच हसणं. तोच शब्द. आज तो मोठ्यानं म्हटला गेला होता, आणि तिला नव्हे तर सिसिलीला. सिसिलीच्या अंगावर ओरखडा उठावा म्हणून तिनं सात वर्षं वाट पाहिली होती. आणि आता तो उठल्यावर तिच्याच अंगाची आग झाली.

"ती वांझ नव्हती," अर्सुला म्हणाली.

"काय म्हणालात?"

"ती वांझ नव्हती. तिला मुलगी झाली. जिवंत झाली आणि रडली. कण्हल्यासारखी नाही, गळा काढून रडली. मीच तिला हातात घेतली होती. खाली मेंढ्या ओरडताहेत ना, त्यांच्यापेक्षा मोठ्यानं रडली."

हम्फ्रीचा लाल चेहरा जांभळा झाला. वकिलाचा गोडवा एका क्षणात आटला.

"मग भाटापुढं मूल नाही म्हणून का सांगितलंत? तेव्हा खोटं बोललात की आता बोलताय?"

"तेव्हा."

"का?"

अर्सुलानं जर्व्हिसकडे पाहिलं नाही. "मला तिचा हेवा वाटतो म्हणून," ती म्हणाली. "आधीही वाटायचा, ती मेली तरी वाटतो. तिच्या नावाखाली रेघ असावी आणि माझ्या नसावी, हे मला बघवलं नाही. बस. दुसरं कारण नाही."

मागच्या बाकांवर कुणीतरी खिदळलं. म्हाताऱ्या न्यायाधीशानं तिकडे बघून भुवई चढवली. "घर वाचवायला माणसं खोटं बोलतात हे मी रोज बघतो," तो म्हणाला. "पण स्वतःची अशी लाज चव्हाट्यावर मांडून कुणी खोटं बोलल्याचं माझ्या तरी बघण्यात नाही."

वकील इतक्यात हार मानणारा नव्हता. "रडली म्हणता, हे झालं तोंडचं. जिवंत होती तर बाप्तिस्मा झाला असेल. मेलेल्या मुलाचा होत नाही. झाला का?"

"झाला. पाद्री यायला वेळ नव्हता. सुईणीनं पाणी घातलं, मी धर्ममाता झाले."

"मग नाव असेल. सांगा नाव."

इथं अर्सुला अडली. मूल रडलं हे सांगणं सोपं होतं. हेवा कबूल करणंसुद्धा त्या मानानं सोपं होतं. पण हे एवढं एक तिनं स्वतःसाठी राखलं होतं. सिसिली रक्तानं माखलेल्या उशीवर पडून हसली होती आणि म्हणाली होती, तुझंच नाव ठेव गं हिला, तुझ्याइतकं माझं कुणी केलंय. अर्सुला तेव्हा दाराबाहेरच्या माणसावर जीव टाकून बसली होती, आणि हे सिसिलीला ठाऊक नव्हतं. पुढं कधीतरी त्या माणसाच्या तोंडी आपलं नाव यावं, त्यात दुसऱ्या कुणाचा वाटा असू नये, म्हणून त्या पोरीचं नाव तिनं मायलेकींबरोबर मातीत जाऊ दिलं होतं.

"नाव नाही वाटतं?" वकील म्हणाला.

"अर्सुला," ती म्हणाली. "तिचं नाव अर्सुला होतं."

तेव्हा तिनं जर्व्हिसकडे पाहिलं. तो तिच्याकडे बघत नव्हता. हातातल्या टोपीकडे बघत तो ओठ हलवत होता, नवी प्रार्थना पाठ करणाऱ्या माणसासारखा.

निकाल त्यांच्या बाजूनं लागला. हम्फ्रीला आपला हंस आपल्याच चुलीवर भाजावा लागला. मॉडनं अर्सुलाला न विचारता तिच्या आवडीचा सफरचंदांचा हलवा केला आणि ताटात वाढताना पहिल्यांदाच कुणाचं नाव घेतलं नाही. जर्व्हिस तिच्याशी नीट वागला. रागावला नाही, टोचून बोलला नाही, उलट जास्तच जपायला लागला. दुखण्यातून उठलेल्या माणसाला जपतात तसं.

थोड्या दिवसांनी पेल पट दुरुस्त करायला आला. नाकावरचा थेंब तसाच होता. या खेपेला जर्व्हिस बागेत गेला नाही. टेबलाशी, पेलच्या खांद्याला खांदा लावून तो उभा राहिला. पेलनं चाकूनं 'निःसंतान' हा शब्द खरवडून काढला, आखायची पट्टी ठेवली, आणि सिसिलीच्या वर्तुळाखाली एक छोटी तांबडी रेघ ओढली. रेघेच्या टोकाला मिरीच्या दाण्याएवढं वर्तुळ काढलं. त्यात नाव लिहिलं.

अर्सुला खिडकीशी शिवण घेऊन बसली होती. सकाळची वेळ होती. निळी पाखरं तिच्या मांडीवरच्या पांढऱ्या कापडावर येऊन बसली होती. आज तिनं खुर्ची सरकवली नाही. तिकडे पटावर तिचं स्वतःचं वर्तुळ होतं तसंच कोरडं होतं, आणि तिचं नाव तिथं आता दोनदा होतं.

पेल वाळू झटकून बाजूला झाला. जर्व्हिसनं वाकून त्या इवल्या वर्तुळावर बोट टेकवलं.

"अर्सुला," तो म्हणाला.

लग्न झाल्यापासून, खरं तर त्याच्याही आधीपासून, ज्या आवाजात त्यानं हे नाव घ्यावं म्हणून तिनं वाट पाहिली होती, तो हाच आवाज होता. शिवण तिच्या हातातून गळून पडली. ती अर्धवट उठली आणि तिचा चेहरा लाल झाला.

"काय हो?" ती म्हणाली.

जर्व्हिसनं दचकून वर पाहिलं.

"नाही गं," तो म्हणाला. "तुला नाही."